सांभाळणाऱ्याचा भार कोण मोजणार?

गावात कुणाचा पाय मोडला, कुणाला कावीळ झाली, कुणाचे पोटाचे ऑपरेशन झाले, की माणसे भेटायला येतात. उशापाशी दोन मोसंब्या ठेवतात, ‘आता उतार आहे ना?’ म्हणून विचारतात आणि निघताना आजाऱ्याच्या आईला किंवा बायकोला बाजूला घेऊन ‘तुम्हीही जरा खातपीत जा’ एवढे तरी म्हणतात. आजार शरीराचा असला की सांभाळणाऱ्याच्या वाट्याला निदान इतकी विचारपूस येते. पण त्याच गल्लीतला एखादा बावीस वर्षांचा मुलगा एकटाच बोलू लागला, रात्र रात्र ओट्यावर बसून राहू लागला, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणून दाराला आतून कडी घालू लागला, तर त्या घरी मोसंब्या घेऊन कुणी जात नाही. रोज येणाऱ्या बायकाही येईनाशा होतात. लग्नकार्याची पत्रिका येते, पण ‘त्याला आणू नका’ असा निरोप न सांगताच समजून घ्यावा लागतो.

त्या मुलाच्या आजारावर डॉक्टर बोलतात, औषधे निघतात, पुस्तके लिहिली जातात. त्याच घरात आणखी एक माणूस असते. रात्री त्याच्या पावलांच्या आवाजाने जागे होणारे, त्याने ताटाला हात लावला नाही म्हणून स्वतःही न जेवणारे, औषधाची गोळी कधी समजावून तर कधी रागावून द्यावी लागते म्हणून मनात झुरणारे. बहुधा ती आई असते. कधी बायको, कधी बहीण, कधी म्हातारा बाप. या माणसावर नेमका किती भार पडतो, तो मोजता येतो का, आणि मोजून उपयोग काय, हा आजचा विषय.

समजून घेण्याजोगा आजार

स्किझोफ्रेनियाला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ असा जड शब्द आहे. या आजारात एका माणसात दोन माणसे राहतात असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे, आणि तो बराचसा चित्रपटांनी पसरवलेला आहे. प्रत्यक्षात होते ते असे, की विचार, भावना आणि वागणे यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते. नसलेले आवाज ऐकू येतात, निराधार संशय पक्का होऊन बसतो. ही झाली ठळक लक्षणे. ती पाहून घरचे लोक घाबरतात, धावपळ करतात, कुठे ना कुठे नेतात.

दुसरी लक्षणे मुकी असतात. बोलणे आटते, आंघोळ नको वाटते, कामात, माणसांत, सणासुदीत कशातच रस उरत नाही. पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो, स्त्रियांत थोडा उशिरा. म्हणजे ज्या वयात घराने मुलाकडून आधाराची अपेक्षा करावी, नेमके त्याच वयात. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग सुरू झाला आणि या आजाराचे चित्र पालटले. त्यानंतर अनेक औषधे आली. ठळक लक्षणांवर ती चांगली चालतात. मुकी लक्षणे मात्र तितकी दाद देत नाहीत. साहजिकच घरच्यांची समजूत होते, की आवाज थांबले, आजार गेला, आता हा नुसता आळशीपणा करतो. सांभाळणाऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या जाणकारांना हे ठाऊक असते, की आरडाओरड करणाऱ्या दिवसांपेक्षा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा पाहणे आईला अधिक जड जाते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा आजार आईच्या लाडाने होत नाही आणि बापाच्या माराने होत नाही. अनुवंश, मेंदूतील रासायनिक व्यवहार आणि परिस्थितीचा ताण यांच्या गुंतागुंतीतून तो उद्भवतो. एके काळी पाश्चात्त्य मानसशास्त्रानेही आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. तो सिद्धांत केव्हाच मागे पडला. पण आपल्याकडे ‘काय पाप केलं होतं कुणास ठाऊक’ हे वाक्य अजून ऐकू येते, आणि ते बहुधा आईच स्वतःविषयी उच्चारते.

पाच हजार घरे

जालना जिल्ह्यापुरते पाहू. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १९ लाख ५९ हजार होती. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण त्या बारा राज्यांत स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजार असलेल्या प्रौढांचे प्रमाण हजारी सुमारे चार निघाले. जालन्यातील प्रौढांची संख्या बारा लाखांच्या घरात धरली आणि हेच प्रमाण लावले, तर ढोबळ हिशेबाने पाच हजारांच्या आसपास माणसे होतात. पाच हजार माणसे म्हणजे पाच हजार घरे. त्याच सर्वेक्षणाने असेही दाखवले, की अशा रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश उपचारांच्या कक्षेबाहेर आहेत.

महाराष्ट्रात मनोरुग्णालये म्हटली की ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार नावे पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली. मराठवाड्याचे नाव त्यांत नव्हते. जालन्याच्या माणसाने दुखणे घेऊन जायचे ते औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, घाटी रुग्णालयात किंवा खासगी डॉक्टरकडे. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने जालन्यासाठी ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयाला मंजुरी दिली. निर्णय महत्त्वाचाच होता. पण पाच हजारांच्या समोर ३६५ हा आकडा ठेवून पाहावा. खाटा कितीही वाढल्या तरी बहुतेक रुग्ण बहुतेक काळ घरीच राहणार, आणि राहावेतही. मग खरे रुग्णालय घर, खरी परिचारिका आई, आणि तिच्या पाळीला बदली नाही, हे मान्य करावे लागते.

कौतुक आणि हिशेब

भारतीय कुटुंबाचे या बाबतीत जगाने कौतुक केले आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांनाही राहायला बोलावले. रुग्ण लवकर सुधारले, आणि नातेवाईक आजार समजून घेऊन घरी गेले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. आपल्याकडची आग्रा आणि चंडीगड ही केंद्रे त्या अभ्यासांत होती. विकसनशील देशांत रुग्णांची वाटचाल श्रीमंत देशांपेक्षा बरी दिसते, असे निष्कर्ष आले. त्याचे श्रेय अनेकांनी एकत्र कुटुंबाला दिले.

हे कौतुक खोटे नाही. परंतु त्यात एक प्रश्न राहून गेला. कुटुंब सांभाळते म्हणजे कुटुंबातले कोण सांभाळते? आणि त्या व्यक्तीला त्याची काय किंमत मोजावी लागते?

हा प्रश्न आधी इंग्लंडमध्ये विचारला गेला. तेथे मोठमोठी मनोरुग्णालये रिकामी करून रुग्णांना घरी पाठवायचे धोरण आले. तेव्हा ग्रॅड आणि सेन्सबरी या संशोधकांनी १९६३ साली घरच्यांवर काय परिणाम होतो याची पाहणी प्रसिद्ध केली. १९६६ साली होनिग आणि हॅमिल्टन यांनी एक महत्त्वाचा भेद केला. भार दोन प्रकारचा असतो. एक बाहेरून दिसणारा : बुडालेली मजुरी, झालेला खर्च, मोडलेली झोप. दुसरा आतून वाटणारा : त्या माणसाला स्वतःला हे किती जड जाते. हे दोन्ही भार बरोबरीने चालत नाहीत. बाहेरून डोंगराएवढा भार दिसावा आणि सांभाळणाऱ्याने ‘मला काही त्रास नाही’ म्हणावे, असे वारंवार घडते.

आपल्याकडे ही मोजपट्टी १९८१ साली बंगळुरूला तयार झाली. शैला पै आणि डॉ. रवी कपूर यांनी भारतीय घरांसाठी मुलाखतीचा एक आराखडा बांधला. त्यात २४ मुद्दे सहा गटांत विभागलेले आहेत : पैशाचा भार, रोजच्या व्यवहारातील अडथळे, करमणूक आणि विरंगुळा, घरातले संबंध, इतरांच्या शरीरावर झालेला परिणाम आणि इतरांच्या मनावर झालेला परिणाम. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. पैशाच्या गटातले मुद्दे पाहिले तर ते आपल्याच ओसरीवर बसून लिहिल्यासारखे वाटतात. रुग्णाची कमाई बुडाली का? त्याच्यापायी दुसऱ्या कुणाची बुडाली का? उपचारावर किती गेले? कर्ज काढले का, साठवलेले मोडले का? पैशाअभावी एखादे लग्न, प्रवास किंवा धर्मकार्य पुढे ढकलले का? मुलाच्या आजारापायी मुलीचे लग्न थांबणे ही या देशातल्या घराला कळणारी वेदना. ती एखाद्या परदेशी प्रश्नावलीत सापडली नसती.

दुसरी मोजपट्टी चेन्नईची. १९८४ साली डॉ. शारदा मेनन यांनी स्थापन केलेल्या ‘स्कार्फ’ या संस्थेतील डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ती प्रसिद्ध केली. सांभाळणाऱ्यांशी प्रदीर्घ गप्पा करून, त्यांच्याच तोंडच्या गोष्टींवरून त्यांनी ४० प्रश्न निवडले. प्रत्येकाची उत्तरे तीनच : ‘मुळीच नाही’, ‘थोडेफार’, ‘फार’. तब्येत, झोप, दिवसाचा क्रम, नवरा-बायकोचे संबंध, नातेवाइकांचा आधार, आपल्या कष्टाची घरात कुणाला कदर आहे का, हे सारे त्यात येते. एकूण गुण ४० ते १२० यांच्या दरम्यान पडतात. अर्ध्या-पाऊण तासात एका माणसाच्या कित्येक वर्षांचा ढोबळ नकाशा कागदावर उतरतो.

‘माझंच लेकरू, त्याचं कसलं ओझं?’

पण हा कागद घेऊन एखाद्या खेड्यात गेले, तर पहिल्याच प्रश्नाला अडचण येते. ‘मावशी, याला सांभाळायचा भार वाटतो का?’ असे सरळ विचारले, तर बहुतेक आया म्हणतील, ‘नाही ओ, पोटचं लेकरू हाय माझं, त्याचं कसलं आलंय ओझं?’ हे उत्तर खोटे नसते आणि पूर्ण खरेही नसते. आपल्या बोलीत ओझे हा शब्द परक्याच्या वस्तूसाठी आहे. आपल्या माणसाला ओझे म्हणणे म्हणजे त्याला टाकून देण्याची पहिली पायरी, असे तिला वाटते. म्हणून ती शब्द नाकारते आणि भार तसाच वाहते.

शहाणा विचारणारा मग वेगळ्या वाटेने जातो. ‘रात्री किती वेळा उठता?’ ‘माहेरी शेवटचं कधी गेला होता?’ ‘पाठीचं दुखणं दाखवलं का?’ माहेरचे नाव निघाले की डोळे भरून येतात. चार वर्षे भावाकडे गेलेली नाही, कारण याला कुणाच्या भरवशावर ठेवायचे? पाठ दुखते, पण रांगेत उभे राहायला वेळ कुठे? या उत्तरांना ती भार म्हणत नाही, पण मोजपट्टीवर त्यांचीच नोंद होते. पै आणि कपूर यांनी प्रश्न नुसते वाचून ‘हो-नाही’ टिपण्याऐवजी मोकळी मुलाखत घेऊन मग गुण द्यायचे ठरवले, त्यामागचे शहाणपण इथे लक्षात येते.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. प्रश्न विचारायचे कुणाला? बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला घेऊन येतो तो बहुधा भाऊ किंवा बाप. पैसे त्याच्याजवळ, एसटीचा प्रवास त्याला सोयीचा. कागदावर ‘सांभाळणारी व्यक्ती’ म्हणून त्याचेच नाव लागते. घरी त्याचे कपडे धुणारी, उष्टे-खरकटे काढणारी, मार खाणारी बाई त्या दिवशी घरीच असते. तिला विचारलेच नाही, तर मोजमाप कितीही शास्त्रीय असले तरी ते दुसऱ्याच माणसाचे होईल. आणि तिच्या घरी जाऊन विचारले, पण सासू समोर बसलेली असली, तर ‘घरात तुमची कदर आहे का?’ या प्रश्नाला ती काय उत्तर देणार?

अर्धा कोयता

तिसरी गोष्ट या मातीची आहे. जालना जिल्ह्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असला तर दोनच वाटा उरतात. एक तर जोडीतल्या एकाने मागे राहायचे, म्हणजे कोयता अर्धा, उचल अर्धी आणि वर्षाचा हिशेब कोलमडलेला. नाहीतर आजारी माणसाला बरोबर घेऊन फडावर जायचे, पाचटाच्या खोपीत ठेवायचे आणि पाच-सहा महिने औषध थांबवायचे. औषध थांबले की बहुधा आजार उलटतो. चैत्रात माणसे परततात तेव्हा आजार पहिल्यापेक्षा वाढलेला असतो. ‘दुसऱ्या कुणाची कमाई बुडाली का?’ या प्रश्नाला इथे दोन गुण देऊन भागत नाही. त्या दोन गुणांत एक अख्खा हंगाम बुडालेला असतो.

शिवाय उपचारांची वाट सरळ दवाखान्याकडे जात नाही. ‘बाहेरचं झालंय’ या समजुतीने आधी देवऋषी होतो, मग शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याची वारी होते. या श्रद्धेची टिंगल करणे सोपे आहे. पण डॉक्टर साठ किलोमीटरवर आणि तोही दोन मिनिटे बोलणारा असला, तर जिथे आपल्यासारखीच दहा घरे भेटतात, जिथे कुणी नाक मुरडत नाही, तिथे माणूस जाणारच. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ बरोबर देण्याचा उपक्रम २००८ च्या सुमारास सुरू झाला. श्रद्धा न मोडता औषध पोचवता येते, हे त्यातून दिसले. उपचाराविना नुसते डांबून ठेवण्याचा शेवट कुठे होतो, हे तमिळनाडूतील एरवाडीने ६ ऑगस्ट २००१ रोजी दाखवले. साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा तेथे आगीत जळून मृत्यू झाला. त्या माणसांनाही घरचे लोक होते. ती घरे सांभाळून सांभाळून थकली होती आणि त्यांना दुसरी जागा ठाऊक नव्हती.

मोजून उपयोग काय?

वाचक विचारतील, दुःख का कुठे आकड्यांत मावते? मावत नाही, हे खरेच. एका आईचे ८० आणि दुसरीचे ९५ म्हणून दुसरीचे दुःख पंधराने जास्त, असा अर्थ कुणी काढू नये. तरीही मोजायचे, त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण रुग्णाच्याच हिताचे आहे. ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोलले जाते, हिणवले जाते, तेथे आजार लवकर उलटतो, हे लंडनमधील संशोधकांनी काही दशकांपूर्वीच दाखवले. चंडीगडला तशीच पाहणी झाली तेव्हा आपल्याकडच्या घरांत असे बोलणे कमी आढळले. पण माणूस टोचून बोलतो केव्हा? तीन रात्री झोप नसते तेव्हा. थकवा वाढतो, तोल सुटतो, शब्द जातो, रुग्ण बिघडतो, आणि बिघडलेल्या रुग्णाने थकवा आणखी वाढतो. हे रहाटगाडगे थांबवायचे तर सांभाळणाऱ्याचा भार वेळीच कळला पाहिजे. सांभाळणारी टिकली तरच उपचार टिकतो. म्हणून तिची चौकशी हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

दुसरे कारण, मोजल्याशिवाय कशाने फरक पडतो ते कळत नाही. पै आणि कपूर यांनी पुढे आपली मोजपट्टी अशाच कामासाठी वापरली. काही रुग्णांना रुग्णालयात दाखल केले, काहींच्या घरी परिचारिका नियमित भेटी देत राहिली. घरी भेटी दिलेल्या रुग्णांची प्रकृती अधिक सुधारली, कुटुंबाचा भार बराच हलका झाला आणि खर्चही कमी आला. १९८३ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आहे! पुढे तमिळनाडूचे कांचीपुरम, गोवा आणि आपला सातारा अशा ठिकाणी २८२ रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी वर्षभर घरी जाऊन मदत केली. त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. फायदा माफक होता, पण होता, आणि कांचीपुरमच्या ग्रामीण भागात तो ठळक दिसला. म्हणजे जिथे सोयी कमी, तिथे घरी येणाऱ्या माणसाची किंमत जास्त. जालन्याच्या वाड्या-वस्त्यांवर आशाताई आजही बाळंतिणींची आणि क्षयरोग्यांची विचारपूस करतात. त्यांच्या वहीत या पाच हजार घरांसाठी एक पान वाढवणे, त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि योग्य मोबदला देणे, हे अशक्य कोटीतले काम नाही.

तिसरे कारण सरकारी आहे. सरकार आकड्यांशिवाय हलत नाही. रुग्णाचे अपंगत्व मोजण्यासाठी २००२ पासून सरकारमान्य मोजपट्टी आहे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाबी तपासून टक्केवारी ठरते. ती ४० टक्के किंवा अधिक भरली की प्रमाणपत्र मिळते आणि योजनांचे दार उघडते. सांभाळणाऱ्याच्या भाराला असे प्रमाणपत्र नाही. कायद्यांत मात्र तिची चाहूल आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता देण्याची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आणि घरच्या घरी पुनर्वसन यांचा उल्लेख आहे. त्याच कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी घातली. बंदी योग्यच. पण ज्या बापाने हताश होऊन मुलाला गोठ्यात बांधले, त्याच्या हातातली साखळी काढून घेताना त्या हातात दुसरे काय द्यायचे, याचे उत्तर अंमलबजावणीतच मिळू शकते.

आमच्यानंतर काय?

सांभाळणाऱ्यांच्या कुठल्याही बैठकीत शेवटी एकच प्रश्न उरतो. आई साठीत, मुलगा पस्तिशीत. आमच्यानंतर याचे कोण? मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता असलेल्यांच्या पालकत्वासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. मानसिक आजार त्याच्या कक्षेत नाही. त्यामुळे हा प्रश्न बहुधा भावंडांच्या संसारात जाऊन पडतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटात भावाला स्वतःच्या घरी आणणाऱ्या बहिणीची ओढाताण मराठी प्रेक्षकांनी पाहिली. त्या चित्रपटामागे उभे होते कॅल्गरीचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी. व्यवसायाने संख्याशास्त्राचे, आणि घरी पत्नीचा हाच आजार वर्षानुवर्षे सांभाळलेले. त्यांनी १९९७ साली पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. सांभाळणारे एकमेकांना भेटू लागले, आपले अनुभव सांगू लागले. अशा गटांतून मराठीला दोन सुंदर शब्द मिळाले : रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्यासाठी ‘शुभंकर’. रुग्ण आणि नोकर असे नाते न राहता दोघांचेही शुभ त्यात आले. चंडीगडच्या संशोधकांनी तर सांभाळण्यातून जे मिळते, म्हणजे संयम, जवळीक, स्वतःच्या ताकदीची ओळख, तेही मोजण्याची पट्टी तयार केली आहे. तीही वापरली पाहिजे. नाहीतर आकड्यांच्या भरात शुभार्थी म्हणजे केवळ भार, असा उलटा अर्थ निघायचा.

पुण्यात शुभंकरांना गट मिळतो. मंठ्यातल्या किंवा जाफराबादेतल्या शुभंकराला तो मिळत नाही. तोवर आपल्या हाती काही गोष्टी आहेत. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्यावर रुग्णासाठी तसाच सांभाळणाऱ्यासाठीही फोन करता येतो. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनविषयी विचारता येते. रोजच्या गोळीवरून होणारी रोजची भांडणे त्याने टळू शकतात. आणि नातेवाइकांनी एक काम नक्की करावे. उपदेश करू नये, नवा देव किंवा नवा डॉक्टर सुचवू नये. दोन दिवस त्या घरी राहायला जावे आणि म्हणावे, ‘वहिनी, याचं जेवणखाण, औषध मी बघतो, तुम्ही माहेरी जाऊन या.’

बंगळुरूच्या त्या आराखड्यात २४ मुद्दे संपल्यावर एक साधा प्रश्न सरळ घरच्यांनाच विचारलेला असतो : या आजारापायी तुम्ही स्वतः किती सोसले? खूप, थोडे, की मुळीच नाही? तो विचारायला पदवी लागत नाही. विचारून झाल्यावर मात्र थोडा वेळ तिथे बसावे लागते, कारण उत्तर लगेच येत नाही.